पद कुणाचं? मंडळाचं!

वाचण्यापूर्वी

मंडळाच्या गणपतीत आरती सांगणारे काका, प्रसाद वाटणाऱ्या मावशी, दाराशी तिकिटं तपासणारा दादा, हे सगळे तुमच्या ओळखीचे असतात. पण हॉलचे पैसे कोण भरतं? आणि ते भरायची परवानगी कोण देतं? तुमचं उत्तर वहीत लिहा आणि मग पाठ वाचा.

१. आधी घटना

तुम्ही हर्नडनमध्ये राहत असाल, तर टाउन कौन्सिल तुम्हाला माहीत असेल. त्यात एक महापौर आणि सहा सदस्य असतात. हर्नडन १८७९ मध्ये अधिकृत गाव झालं. कौन्सिलला काय करता येतं, ते गावाच्या सनदेत लिहिलेलं असतं.

मराठी मंडळाचंही तसंच असतं. इंग्रजीत आपण ज्यांना बायलॉज म्हणतो, त्यांना मराठीत मंडळाची 'घटना' म्हणतात. या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते नीट पाहा. 'काल एक घटना घडली' म्हणजे काहीतरी झालं. 'हे घटनेत आहे' म्हणजे हा मंडळाचा लेखी नियम आहे.

व्हर्जिनियात अशा संस्था साधारणपणे राज्याच्या 'नॉनस्टॉक कॉर्पोरेशन' कायद्याखाली नोंदवतात. मग दरवर्षी रिचमंडच्या स्टेट कॉर्पोरेशन कमिशनकडे अहवाल पाठवावा लागतो. पण गणपती समितीत किती जण हवेत, चेकवर किती सह्या हव्यात, हे कायदा सांगत नाही. ते मंडळाने आपल्या घटनेत ठरवायचं.

२. कोण काय करतं?

अध्यक्ष सभा चालवतात. सगळ्यांना बोलायची संधी मिळते ना, हे बघतात.

सचिव (काही ठिकाणी चिटणीस किंवा कार्यवाह म्हणतात) सभेची सूचना पाठवतात आणि इतिवृत्त लिहितात. सभेत काय ठरलं, त्याची ही नोंद.

खजिनदार पैसे सांभाळतात आणि हिशेब ठेवतात. या शब्दातला '-दार' बघा: दुकानदार, जमीनदार, खजिनदार.

हे तिघे आणि इतर निवडून आलेले सदस्य मिळून कार्यकारिणी होते. कार्यकारिणी एकेका कामासाठी समिती नेमते. समितीला फक्त तेवढंच काम दिलेलं असतं. घटना बदलायचा अधिकार समितीला नसतो.

३. समजा, असं झालं…

समजा, कार्यकारिणीने गणपतीच्या हॉलसाठी ३,००० डॉलर मंजूर केले. समितीच्या काकूंना मोठा हॉल मिळतोय, पण त्याचं भाडं ३,४०० डॉलर आहे. आजच आगाऊ रक्कम भरली नाही तर हॉल जाईल. काकूंनी "हो" म्हणून टाकावं का?

नाही. जास्तीचे ४०० डॉलर समितीच्या हातात नाहीत. काकूंनी अध्यक्षांना फोन करायचा. अध्यक्षांनी कार्यकारिणीची तातडीची सभा घ्यायची. घटनेत सांगितलेली गणपूर्ती झाली, म्हणजे पुरेसे सदस्य हजर असले, की एकाने ठराव मांडायचा. तो सूचक. दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा. तो अनुमोदक. मग मतदान. सचिवांनी लिहून घ्यायचं आणि त्यानंतर खजिनदारांनी चेक द्यायचा.

तुम्ही म्हणाल, "चारशे डॉलरसाठी एवढं कशाला? काकू तर आपल्याच आहेत!"

अहो, आपल्याच आहेत म्हणूनच! परदेशात मंडळ म्हणजे पुष्कळदा मित्रांचाच गट असतो. मित्राला "पैसे कुठे गेले?" असं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मग सगळे अळीमिळी गुपचिळी करून बसतात आणि मनात शंका वाढत जाते. एक दिवस भांडण होतं आणि दोन घरांचं येणंजाणं बंद पडतं. घटनेत 'खजिनदार दर वर्षी हिशेब सादर करतील' असं लिहिलेलं असलं, तर कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. प्रश्न नियमच विचारतो.

४. पुण्यातली जुनी गोष्ट

कारभाराबद्दल प्रश्न विचारणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी यांनी सभेसाठी इतकं काम केलं, की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. सभेचा एक नियम फार छान होता. सभासद व्हायचं, तर निदान ५० लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे सभेत बोलणारा माणूस एकटा नसायचा, त्याच्यामागे पन्नास जण असायचे.

पुढे १८९५ मध्ये सभेच्या कार्यकारिणीत टिळकांच्या बाजूच्या लोकांचं बहुमत झालं. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस होते. त्यांना ते पद सोडावं लागलं. १८९६ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. गोखल्यांसारख्या मोठ्या माणसाचंही पद कायमचं नव्हतं. सभासदांचं मत बदललं की पदावरचा माणूस बदलतो.

शब्दार्थ

कार्यकारिणी – मंडळाचा कारभार बघणारे निवडून आलेले लोक
ठराव – सभेपुढे मताला ठेवलेला निर्णय
मुखत्यारपत्र – दुसऱ्याच्या वतीने बोलायचा लेखी अधिकार
वाईटपणा घेणे – दुसऱ्याला न आवडणारं काम आपण करणे

प्रश्न

१. सूचक आणि अनुमोदक यांत काय फरक आहे?
२. काकूंनी लगेच "हो" म्हटलं असतं, तर काय अडचण आली असती?
३. 'घटना' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्यं लिहा.
४. ५० सह्यांचा नियम तुमच्या मंडळात चालेल का? का?

करून पाहा

आईबाबांकडे तुमच्या मंडळाची घटना मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: गणपूर्ती किती, खजिनदार किती वर्षं पदावर राहू शकतात आणि मत द्यायला वय किती लागतं. काही सापडलं नाही, तर सचिवांना मराठीत ईमेल लिहा. सुरुवात अशी करा: "नमस्कार काका (किंवा काकू), मला एक माहिती हवी होती."