दोनला निघाला, सहाला पोचला

पौष महिना. आजीचा नातू नोकरीसाठी लंडनला निघाला. जाताना त्यानं चिठ्ठी लिहून ठेवली : "विमान दुपारी २ वाजता मुंबईहून सुटेल. संध्याकाळी ६ वाजता लंडनला पोचेल. पोचलो की फोन करतो."

आजी रात्रीच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकली होती. तिनं चिठ्ठी स्वतः वाचली. सहा वाजले. सात वाजले. फोन नाही. आजीला घास गिळेना. आठ वाजता ती चिठ्ठी घेऊन वर्गात आली.

"गुरुजी, माझं वाचण्यात काही चुकलं का? का पोराचं काही बरंवाईट झालं?"

गुरुजींनी चिठ्ठी पाहिली. ते म्हणाले, "आजी, तुम्ही बरोबर वाचलंत. विमान अजून वाटेतच आहे. दोनची वेळ आपल्या घड्याळातली आहे. सहाची वेळ लंडनच्या घड्याळातली."

"घड्याळं निरनिराळी कशी?"

गुरुजींनी दिव्यासमोर एक संत्रं धरलं आणि हळूहळू फिरवलं. "पृथ्वी अशी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपण पूर्वेला. आपल्यावर ऊन आधी पडतं. लंडन पश्चिमेला. तिथं दिवस मागाहून उगवतो. म्हणून हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं असतं. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात. तेव्हा साडेचार तास मागं."

मग फळ्यावर हिशेब मांडला. लंडनचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे ११॥. दुपारी २ पासून रात्री ११॥ पर्यंत किती झाले? साडेनऊ तास.

"इतकं लांब आहे?" एकानं विचारलं.

"हवेतून सुमारे ७,२०० किलोमीटर. तासाला ४० किलोमीटर जाणारी एस.टी. कुठं न थांबता चालली, तरी साडेसात दिवस लागतील. मोठं विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जातं."

"मग आठ तासांतच पोचायला हवं!"

"भागाकार बरोबर. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो. वाटही अगदी सरळ नसते. शिवाय उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. म्हणून येताना वेळ कमी लागतो.

"१८८८ साली गांधीजी बोटीनं विलायतेला गेले, तेव्हा तीन आठवड्यांवर दिवस लागले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. ते वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथं थांबलं. आता विमान एका दमात जातं. आणि आजी, उतरल्यावर कागद तपासतात. त्यालाही वेळ लागतो बरं का!"

रात्री साडेबाराला फोन वाजला.

"आजी, अजून जागी?"

"तुझ्याकडं सात वाजलेत ना? जेवून घे बाबा. मीही आता जेवते."

लक्षात ठेवा : सुटण्याची वेळ निघायच्या गावची. पोचण्याची वेळ पोचायच्या गावची.

सोडवा : दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे. मुंबईहून सकाळी १० ला सुटलेलं विमान तीन तासांत दुबईला पोचलं. तिथं तेव्हा किती वाजले असतील?