कुटुंबाची सायकल : इयत्ता सहावी-सातवीसाठी एक परिसरपाठ



खेड्यातील घरात सायकल ही नुसती फिरावयाची वस्तू नव्हे. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी शेतावरची भाकरी, सायंकाळी गवताचा भारा आणि शाळेच्या वेळी घरातील लेकरू, इतके सारे तिच्यावरून ये-जा करीत असते. मोटारसायकली पुष्कळ वाढल्या. परंतु ज्या घरास त्या परवडत नाहीत, तेथे आजही सायकलच संसाराचा भार वाहते. कारखान्यातून मात्र ती एका माणसाच्या बेताने घडून येते. तिला कुटुंबाच्या उपयोगी करून घेण्याचे काम घरच्या माणसांनाच करावे लागते, आणि ते बहुधा अंदाजाने होते.

हा अंदाज कधी महागात पडतो. मी एका गावी शिकवीत असताना पहिलीतील एक मुलगी महिनाभर वर्गात दिसली नाही. वडिलांच्या मागे कॅरिअरवर बसून येत असता तिची टाच चाकाच्या तारांत सापडली होती. वडील काही बेफिकीर नव्हते. पाय टेकावयास जागा हवी आणि तारांवर आडोसा हवा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवसापासून हा पाठ मी दरवर्षी घेत आलो.

पाठाचा हेतू : तरफेचा नियम, गुणोत्तर व परीघ यांचा नित्य व्यवहारातील उपयोग विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देणे, तसेच घरची सायकल सुरक्षित करण्याची दृष्टी त्यांस देणे.

साहित्य : घरोघरी असते तशी एक काळी सायकल, मोजपट्टी, खडू, दोरी, एक वीट, धान्य तोलावयाचा काटा व २० किलोचे एक पोते.

विषयप्रवेश : सायकल वर्गाबाहेर उभी करावी व विचारावे, ‘पुढच्या चाकाला तारा किती? मागच्या चाकाला किती?’ मुलांना मोजू द्यावे. जुन्या धर्तीच्या सायकलीत बहुधा पुढे ३२ व मागे ४० तारा आढळतात. ‘मागे अधिक का?’ असे विचारताच कोणी तरी सांगेल की, बसणाऱ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. हाच पाठाचा प्रारंभ होय.

पहिला टप्पा – ओझे कोठे ठेवावे? पुढचे चाक काट्यावर व मागचे चाक तितक्याच उंचीच्या विटेवर ठेवावे. सायकल दोघांनी हलकेच सावरावी व काटा वाचावा. मग पोते कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकास बांधून पुन्हा वाचावा. ओझे वाढले असूनही पुढच्या चाकावरचे वजन कमी झालेले पाहून मुलांना नवल वाटेल. आता फळ्यावर हिशेब मांडावा. दोन चाकांच्या आसांतील अंतर १२० सेंटिमीटर आणि पोत्याचा मध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे आहे, असे धरू. २० गुणिले ३० म्हणजे ६००. त्यास १२० ने भागता ५ येतात. म्हणजे पुढचे चाक ५ किलोने हलके झाले व मागच्या चाकावर २५ किलोंचा भार पडला. पुढचे चाक हलके झाले की हँडल डगमगते आणि चढावर ते उचलले जाण्याचा संभव असतो. म्हणून ओझ्याचा मध्य मागच्या आसाच्या वर किंवा थोडा पुढे असावा.

ओझ्याची उंचीही पाहावी. तेच पोते एकदा कॅरिअरवर उंच ठेवून व एकदा दोन समान भाग करून दोन्ही बाजूंस खाली लटकावून, सायकल किंचित कलती धरावयास सांगावे. उंच ओझे सावरण्यास अधिक जोर लागतो, हे हातालाच कळते. दूधवाले दोन्ही बाजूंस सारखे कॅन अडकवितात, त्यातील शहाणपण हेच. डेन्मार्क व हॉलंड या देशांतील कित्येक कुटुंबे मालाच्या सायकलीत मुले व बाजारहाट नेतात. तिच्या एका प्रकारात हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये जमिनीलगत एक पेटी असते व हँडलचे वळण एका लांब दांडीने चाकापर्यंत पोहोचविलेले असते. ओझे सखल आणि दोन चाकांच्या मध्ये असावे, हे तत्त्व तेथेही तेच आहे.

दुसरा टप्पा – दाते मोजा. समजा, पायडलच्या चक्रास ४४ दाते व मागील फ्रीव्हीलला १८ दाते आहेत. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ दोरीने मोजावा. तो साधारण २.२ मीटर भरेल. म्हणजे एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. जमिनीवर खडूच्या खुणा करून हे पडताळून पाहावे. फ्रीव्हील २२ दात्यांचे बसविले तर तेच अंतर ४.४ मीटर होईल. वेग घटेल, परंतु जेथे ११ भाग जोर लागत होता तेथे ९ भाग पुरेल. रोज ओझे घेऊन चढ चढणाऱ्यास हा बदल थोड्या खर्चात मोठा आराम देतो. साखळी मात्र थोडी लांबवावी लागते.

तिसरा टप्पा – मूल कोठे बसावे? हा भाग घाईने उरकू नये. मान धरता न येणारे व आधाराविना न बसणारे मूल सायकलवर नेऊच नये. लहान मुलासाठी पाठीला टेकू, कमरेला पट्टा व दोन्ही पायांस आधार असलेली बैठक करावी. पायांच्या बाजूस तारांवर पत्रा किंवा बारीक जाळी बसवावी. पत्र्याची कड आत वळवून घ्यावी. मोठ्या मुलास कॅरिअरवर बसवितानाही पाय टेकावयास दांडी आणि तारांना आडोसा हवाच. याच आडोशाने लुगड्याचा पदर व ओढणीही वाचते. हॉलंडमधील शहरी सायकलींना असे आच्छादन व बंद चेनकव्हर सर्रास असते.

गावातील कारागिराकडून हे काम करविताना एक सूचना द्यावी. जोडकाम पट्टी व नटबोल्ट यांनी करावे, नळीला डाग देऊ नये. पुष्कळ सायकलींच्या नळ्यांचे सांधे पितळेने जोडलेले असतात. अति उष्णतेने ते सैल होण्याचे भय असते. ओझे वाढले की थांबावयास अधिक अंतर लागते आणि पावसात लोखंडी रिम ओली झाली म्हणजे ब्रेक कमी धरतो, हेही सांगावे. मागच्या चाकात हवा भरपूर असावी व मडगार्डवर तांबडी चकाकी असावी.

संकलनाचे प्रश्न : (१) मागच्या चाकाला तारा अधिक का? (२) ओझे मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे सरकले, तर वरील हिशेबात पुढचे चाक किती हलके होईल? (३) २० दात्यांच्या फ्रीव्हीलने एका फेरीत किती अंतर तोडता येईल?

स्वाध्याय : प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या सायकलीचे चित्र काढावे, तिच्यावरून काय काय नेले जाते ते लिहावे आणि वडीलधाऱ्यांच्या संमतीने करावयाची एक सुधारणा सुचवावी.

या पाठात मुलींना मागे उभे करू नये. काटा वाचणे, नटबोल्ट आवळणे ही कामे त्यांच्याही हाती द्यावीत. १९९१ साली तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम सुरू झाली. तिच्याबरोबर तेथील हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवावयास शिकल्या आणि बाजार, पाणी व मुले यांसाठी दुसऱ्याची वाट पाहण्यातून मोकळ्या झाल्या. अक्षरओळख व सायकल यांची ही सांगड आपण शिक्षकांनी ध्यानी ठेवावी.

टाच बरी झाल्यावर ती मुलगी पुन्हा शाळेत आली, ती त्याच सायकलवरून. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसविलेला होता. वडिलांनी सायकल थांबवून तो मला हाताने ठोकून दाखविला. असा एखादा पत्रा अपघाताच्या आधी बसला, तर आपल्या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.