कडू घास

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत एक जुनी रीत आहे. एखाद्या घरी मृत्यू घडला, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. घरातील माणसे सुन्न होऊन बसलेली असतात. स्वयंपाकाचे भान कोणाला नसते आणि भुकेचीही जाणीव नसते. अशा वेळी सोयरे किंवा शेजारी आपल्या घरी पिठले-भाकरी करून आणतात, पाने मांडतात आणि दुःखात बुडालेल्या माणसांना आग्रहाने दोन घास खावयास लावतात. या अन्नाला 'कडू घास' असे म्हणतात. अन्न नेहमीचेच असते. कडू असतो तो प्रसंग.

घास घेऊन येणारा मनुष्य फारसे बोलत नाही. गेलेल्या माणसाला परत आणणे आपल्या हाती नाही, हे तो जाणतो. परंतु जो मागे राहिला आहे त्याने जगले पाहिजे आणि आज ते त्याला एकट्याने साधणार नाही, हेही तो जाणतो. म्हणून तो भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात देतो आणि जवळ बसून राहतो.

तेरा दिवस घरात माणसांची ये-जा असते. त्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परततात, शेजारी आपल्या उद्योगाला लागतात आणि घर एकाएकी रिकामे होते. खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. कोपऱ्यात टेकवलेली काठी, खुंटीवरचा सदरा, जेवणाच्या पंगतीतील एक मोकळी जागा, यांकडे दृष्टी गेली की दुःख नव्याने उसळते. पहिला कडू घास एका दिवसापुरता असतो. पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत दुःखी माणसाला आधाराचा घास कोणी द्यावा आणि त्याने तो कसा घ्यावा? रमाबाई रानडे यांच्या चरित्रात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. रानडे यांनी त्यांना स्वतः शिकवावयास आरंभ केला. प्रथम मराठी आणि मग इंग्रजी अशी त्यांची विद्या वाढत गेली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे शिकणे रुचत नसे. त्यांची टोचणारी बोलणी सोसून रमाबाईंनी अभ्यास चालू ठेवला. पुढे पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, तेव्हा रमाबाई रानडे याही त्या कार्यात सहभागी झाल्या. रानडे १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पती, गुरू आणि मित्र ही तिन्ही नाती रमाबाईंना एकाच माणसाच्या ठायी लाभली होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे मुंबईत निधन झाले. सारा देश हळहळला. परंतु देशाचा शोक आणि घरातला शोक यांत अंतर असते. लोकांचा एक पुढारी गेला होता. रमाबाईंचा मात्र सत्तावीस वर्षांचा सहवास संपला होता. त्यांच्या वयाला एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे नऊ दिवस उरले होते.

त्या काळी पती निवर्तलेल्या स्त्रीचे दुःख दुहेरी असे. एक दुःख मृत्यू देई आणि दुसरे रूढी देई. अनेक घरांत विधवेचे केशवपन होई, तिला आलवण नेसावे लागे, मंगलकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. पुरुषाच्या बाबतीत मात्र निराळाच न्याय होता. रानडे यांच्या पहिल्या पत्नीचे निधन १८७३ मध्ये झाले होते आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहामुळे त्यांना दुसरा विवाह करावा लागला होता. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांच्यावर या विवाहामुळे टीकाही झाली. पत्नी गमावलेल्या पुरुषाला शोक करण्यास समाज सवड देत नव्हता, आणि पती गमावलेल्या स्त्रीला शोकातून बाहेर पडण्यास वाट देत नव्हता. दोहोंतही दुःखी माणसाच्या मनाचा विचार नव्हता.

पतीच्या निधनानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्यास आपल्या जुन्या घरी राहावयास आल्या. सुमारे एक वर्ष त्या लोकांत मिसळल्या नाहीत. एवढ्या शिकलेल्या, सभांतून बोलणाऱ्या बाई अशा घरात का बसल्या, असे आज कोणाला वाटेल. परंतु शोकाला वेळ द्यावा लागतो. हाड मोडले असता ते सांधेपर्यंत हात झोळीत ठेवावा लागतो. त्या काळात हात निरुपयोगी झाला असे कोणी म्हणत नाही. मनाचेही तसेच आहे. मोडलेल्या मनाला ओझे उचलण्याची घाई केली, तर ते पुन्हा मोडते.

तथापि, हात झोळीतून कधीतरी बाहेर काढावाच लागतो, आणि त्यासाठी बहुधा दुसऱ्या कोणाची मदत लागते. रमाबाईंना ती मदत स्नेह्यांनी केली. १९०४ मध्ये मुंबईस भारत महिला परिषद भरावयाची होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि इतर हितचिंतक यांनी रमाबाईंना परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारण्याचा आग्रह केला. 'आता दुःख विसरा' असा कोरडा उपदेश करण्याहून हा आग्रह फार मोलाचा होता. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव त्यात होती. रमाबाईंनी ते पद स्वीकारले. न्यायमूर्तींच्या निधनाला तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती.

पुढे रमाबाई कारागृहातील स्त्रियांना नियमाने भेटू लागल्या. चुकीच्या मार्गाला लागलेल्या मुलांसाठी चालविलेल्या सुधारशाळेत त्या जात आणि सणावारी मुलांना गोडधोड वाटत. रुग्णालयातील रोग्यांसाठी त्या फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जात. यांपैकी कोणतेही काम फार मोठे किंवा अवघड नव्हते. पण ज्यांना भेटावयास सहसा कोणी येत नाही, अशा माणसांची निवड रमाबाईंनी केली होती. एकटेपण म्हणजे काय, हे त्यांना आता अनुभवाने कळले होते.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईस सेवासदन ही संस्था स्थापन केली. एक पारशी आणि दुसरे सिंधी, अशा या दोन गृहस्थांनी संस्थेच्या नेतृत्वासाठी रमाबाईंकडे धाव घेतली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यातही सेवासदनाचे काम सुरू झाले. तेथे स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, अध्यापन आणि रोग्यांची शुश्रूषा यांचे शिक्षण मिळू लागले. शिकावयास येणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. परिचारिकेचे काम पांढरपेशा घरांत तेव्हा कमी प्रतीचे मानले जात असे. म्हणून संस्थेवर टीका झाली. परंतु ज्या स्त्रीला घरच्यांनी अंधाऱ्या खोलीत बसविले होते, ती येथे आपल्या पायांवर उभी राहू लागली. तिच्या शेजारच्या बाकावर तिच्यासारखेच दुःख भोगलेली दुसरी स्त्री बसलेली असे. एकीला दुसरीजवळ आपले दुःख उलगडून सांगण्याची आवश्यकता नव्हती. समदुःखी माणसांचा असा सहवास हा फार मोठा आधार होय.

दुःखातून सावरणे म्हणजे गेलेल्या माणसाला विसरणे, असा अनेकांचा समज असतो. रमाबाईंनी न्यायमूर्तींना कधीच विसरू दिले नाही. त्यांची धर्मविषयक व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक प्रकाशित झाले. मराठीतील आरंभीच्या आणि उत्तम आत्मचरित्रपर ग्रंथांत त्याची गणना होते. या आठवणी लोकांसमोर आल्या तेव्हा पतीच्या निधनाला नऊ वर्षे झाली होती. सेवासदनाच्या धकाधकीच्या कामात असतानाच त्यांनी संसारातील लहानमोठे प्रसंग ग्रथित केले. आठवण जपणे आणि नवे जीवन जगणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्यावरून दिसून येते.

पुढे १९१३ मध्ये गुजरात आणि काठेवाड येथे दुष्काळ पडला असता रमाबाई तिकडे मदतीसाठी गेल्या. उतारवयातही आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीस जात आणि यात्रेकरू स्त्रियांची सोय पाहत. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी वाढविलेले पुण्याचे सेवासदन आजही कार्य करीत आहे.

सर्वांच्याच दुःखातून संस्था उभ्या राहत नाहीत आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु रमाबाईंना ज्या गोष्टींनी आधार दिला, त्या कोणत्याही घरात मिळण्यासारख्या आहेत. पुरेसा वेळ, आग्रह करणारी जिवाभावाची माणसे, हाताला काम, समदुःखी सोबत आणि आठवणींना मोकळी वाट, एवढ्या त्या गोष्टी होत.

लहान मुलांच्या वाट्यालाही हे दुःख येते. आजीचे निधन होते, कधी आई किंवा वडील अकाली जातात. मुलांचा शोक मोठ्यांच्या ध्यानात लवकर येत नाही, कारण तो निराळ्या रूपाने प्रकट होतो. कोणी सारखे रडते, तर कोणाच्या डोळ्यांत पाणीही येत नाही. कोणाला झोप लागत नाही, कोणाचे पोट दुखते, कोणी क्षुल्लक कारणावरून चिडते, कोणाचे लक्ष पुस्तकात राहत नाही. एखादे मूल काही वेळ खेळते, हसते आणि मग एकाएकी गप्प होते. मध्येच हसू आले म्हणून त्याची माया कमी आहे असे नव्हे. काही मुलांच्या मनात तर अशी शंका घर करून बसते, की 'मी त्या दिवशी हट्ट केला, म्हणून तर असे झाले नाही ना?' ही शंका खोटी असते. पण मनात कोंडून ठेवली, तर ती वाढत जाते. जवळच्या मोठ्या माणसापाशी ती एकदा बोलून दाखविली, म्हणजे तिचा जोर ओसरतो.

असे दुःख झालेला विद्यार्थी काही दिवसांनी वर्गात परत येतो, तेव्हा सोबत्यांना काय बोलावे हे सुचत नाही. मग कोणी त्याला टाळतात, कोणी दुरून कुजबुजतात. 'रडू नकोस, तू आता मोठा झालास,' असे कोणी त्याला सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे त्याचे रडू आतल्या आत अडते. 'तुझे वडील गेले, मला फार वाईट वाटले,' एवढे साधे वाक्य पुरते. त्याची बुडालेली वही लिहून देणे, मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी डबा उघडणे, खेळावयास हाक मारणे आणि तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारणे, ही सोबत्यांच्या हातून होण्यासारखी कामे आहेत. त्याला वडिलांविषयी बोलावेसे वाटले तर ऐकावे. न वाटले तर नुसते जवळ बसावे.

काही वेळा दुःख इतके खोल जाते, की महिने लोटले तरी अन्नावर आणि कामावर मन बसत नाही, जगणेच नकोसे वाटते. अशा वेळी घरातील मोठ्यांना किंवा शिक्षकांना विनाविलंब सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. शरीराच्या दुखण्यासाठी वैद्याकडे जाण्यात जशी लाज नाही, तशीच मनाच्या दुखण्यासाठीही नसावी. भारत सरकारने २०२२ मध्ये 'टेलि-मानस' नावाची विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही मनाची व्यथा सांगता येते.

कडू घास घेणाऱ्याला तो लगेच गोड लागत नाही. पहिला घास घशाखाली उतरतही नाही. पण देणारा बसून राहतो, पाण्याचे भांडे पुढे करतो आणि दुसरा घास मोडतो. काही काळाने त्या घरची चूल पुन्हा पेटते. एके दिवशी गावात दुसऱ्या कोणाच्या घरी दुःखद घटना घडते, आणि त्या चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून त्या घरातलेच कोणीतरी तिकडे चालू लागते.

स्वाध्याय

१. 'कडू घास' या रीतीमागील भावना तुमच्या शब्दांत सांगा.
२. भांडारकर आणि इतर हितचिंतकांनी केलेला आग्रह रमाबाईंना उपयोगी का पडला?
३. 'आठवण जपणे आणि नवे जीवन जगणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.' रमाबाईंच्या चरित्रातील प्रसंगांच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या वर्गातील एखाद्या मुलावर किंवा मुलीवर असा प्रसंग आला, तर तुम्ही कोणत्या तीन गोष्टी कराल आणि कोणत्या टाळाल?
५. तुमच्या घरातील दिवंगत व्यक्तीची एक आठवण वडीलधाऱ्यांकडून ऐका आणि दहा ओळींत लिहा.