वाडा वाचायला शिकवताना



सातवीला मराठ्यांचा इतिहास शिकवताना आम्हा पुण्यातल्या शिक्षकांची एक सोय असते: धड्यातली जागा चालत जाऊन दाखवता येते. पण खरं सांगायचं तर शनिवारवाड्यात नेलेली मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. आपण म्हणतो, 'बघा, केवढं वैभव!' आणि समोर असतं गवत, कारंज्याचा कोरडा हौद आणि दगडी जोती. मुलांनी बघायचं तरी काय?

म्हणून मी आता वैभव हा शब्दच वापरत नाही. आत शिरल्यावर एकच प्रश्न विचारते, 'दगड उरला, मग बाकीचं कुठे गेलं?' उत्तरं मजेशीर येतात. चोरीला गेलं, इंग्रजांनी नेलं, भूकंप झाला. मग सांगायचं, की 1730 मध्ये पाया घातलेल्या या वाड्याचे वरचे मजले प्रामुख्याने लाकडाचे होते आणि 1828 च्या आगीत ते जळून गेले. तट दगडविटांचा आणि जोती दगडाची, म्हणून ती राहिली. एवढं कळलं की मुलं जोत्यांकडे घराचा नकाशा म्हणून बघू लागतात. 'इथे खोली होती का, बाई?' हा प्रश्न आला की समजायचं, धडा सुरू झाला.

यानंतर लगेच विश्रामबागवाडा दाखवावा. शनिवारवाड्यात जे दिसत नाही ते इथे उभं आहे. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे घडवलेले सागवानी खांब मुलांना हात लावून बघू द्या (नखाने खरवडायला नाही!). खांबाखालचा दगड म्हणजे तळखडा, वर आडवी तुळई, छताला कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुनी माणसं घर किती मोठं हे खणांत सांगत. आमच्या वर्गाने टेपने खण मोजले आणि त्यावरून दालनाची लांबी काढली. गणिताच्या बाईंनी तो तास आनंदाने दिला, हे विशेष.

लाकडी सांगाडा, खाली दगड आणि वर विटामातीच्या भिंती ही वाड्याची साधारण रचना. चौक मधोमध का, तर उजेड आणि वारा आतूनच मिळावा. रस्त्याकडच्या खिडक्या कमी, सुरक्षितता आणि खासगीपणा दोन्ही. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, म्हणजे एका वेळी एकच माणूस आणि तोही वाकून आत. ही कारणं आपण सांगून टाकू नयेत, मुलांना ओळखायला लावावीत.

विश्रामबागवाडाही आगीतून सुटलेला नाही. 1879 च्या आगीत बुधवारवाडा पूर्ण गेला, याचा काही भाग जळाला. पण तो पुन्हा उभारला गेला. इथे संस्कृत पाठशाळा होती, पुढे सरकारी कार्यालयं, टपाल कचेरी, नगरपालिकाही होती. माझ्या मते तो टिकण्याचं मोठं कारण हेच. ज्या इमारतीत रोज कोणी येतं-जातं, तिचं गळकं छप्पर वेळेवर लक्षात येतं.

इतकं सगळं मी एकदा मोठ्या उत्साहाने वर्गात सांगत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'बाई, आम्ही वाड्यातच राहतो. तुम्ही पावसाळ्यात या एकदा.' वर्ग हसला. मीही हसले, पण मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं. सात बिऱ्हाडांत दोन संडास, जिन्याची एक पायरी निखळलेली आणि जून ते सप्टेंबर घरात चार बादल्या मांडलेल्या. 'आई म्हणते, पडला एकदाचा तर फ्लॅट तरी मिळेल.'

त्या दिवसापासून माझा धडा बदलला. 'बिल्डरच्या लोभापायी वाडे गेले' हे वाक्य मी पूर्वी सर्रास म्हणत असे. ते अर्धंच खरं आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण त्या भाड्यात मालक कौलं तरी कशी बदलणार? वाटण्या होत होत एका वाड्याला वीस-वीस वारस झाले. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी जुनी घरं पाण्याने नेली. मातीच्या भिंती पुरात विरघळतात, हे मुलांना रचनेचा भाग झाल्यावर चटकन समजतं. आता वारसा यादीत नाव आलं की परवानगीशिवाय पाडता येत नाही, पण डागडुजीचा खर्च बहुधा राहणाऱ्यांच्याच माथी. शहराला अभिमान हवा असेल तर त्यातला काही वाटा शहराने उचलायला नको का? हा प्रश्न मी वर्गात वादाला ठेवते. मालक, भाडेकरू, नगरसेवक आणि इतिहासाचा अभ्यासक अशा चार भूमिका देते. त्या मुलीने मालकाची भूमिका मागून घेतली होती!

भिडेवाड्याबद्दलही जरूर बोला. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. वर्षानुवर्षं मागण्या, कोर्टकचेऱ्या चालल्या, वास्तू खचत गेली आणि डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती पाडण्यात आली. एका मुलाने विचारलं, 'मग स्मारकात जुनं काय असेल?' मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर प्रश्न लिहून ठेवला, आठवडाभर पुसला नाही.

पालकहो, तुमच्यासाठी एक छोटं काम. तुमच्या गावात शनिवारवाडा नसेल, पण जुनी शाळा, वेस, बारव, कौलारू घर असेलच. एका रविवारी मुलांसोबत जा, घरातल्यांची परवानगी घ्या, दार, खिडकी, जिना मोजा, चित्र काढा, फोटो घ्या. आजी-आजोबांना विचारा, की फडताळात काय ठेवत, कोनाड्यात दिवा कुठला असे. सगळं तारखेसह एका वहीत लिहा. धोकादायक ठरवलेल्या इमारतीत मात्र मुलांना मुळीच नेऊ नका, बाहेरूनच बघा.

आम्ही त्या मुलीच्या वाड्याची अशी वही केली, पुढच्या बाजूची, जिथे तिच्या बाबांनी नेलं तेवढीच. दिवाळीनंतर वाड्याभोवती पत्रे लागले. ती आता तात्पुरती धायरीला राहते, दोन बस बदलून शाळेत येते. वही शाळेच्या कपाटात आहे. त्यात मागच्या चौकाच्या मापाचं पान कोरं आहे, कारण त्या दिवशी तिकडच्या दाराला कुलूप होतं.