मुक्काम आधी, गाव मग

नागपूरकराला बाहेरगावी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती तासांत पोचू?’ समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आणि मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर हा टपरीवरच्या गप्पांचा विषय झाला. कोण किती वेळात गेलं, कुणाला किती रुपयांचं चलान आलं. कॅम्परव्हॅन या हिशेबात बसत नाही. ती हळू चालते, वळायला जागा मागते आणि तिचा खरा फायदा ती थांबल्यावर कळतो. आम्ही दोघं आणि बरेचदा धाकटे दीर-जाऊ असे हिवाळ्यात अशी गाडी भाड्याने घेऊन विदर्भातल्या लहान गावांत फिरतो. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी, चौघांना झोपायला जागा, बारकं बेसिन, छपरावर एसी, पाण्याची टाकी आणि जेमतेम वळता येईल एवढं शौचालय. यातून जे कळलं ते खाली लिहिते आहे. क्रमांक सोयीसाठी घातलेत, त्यांत महत्त्वाचा क्रम शोधू नये.

१. आधी मुक्काम ठरवा, बघायची ठिकाणं मग

नकाशा उघडला की लोक आधी रामटेकचं गडमंदिर, नवेगावबांध, मार्कंडा अशा खुणा करतात. मी उलटीकडून सुरू करते. रात्री गाडी कुठे उभी राहील ते आधी लिहिते. त्या जागेला तीन गोष्टी लागतात: सपाट टणक जमीन, जवळपास पाणी आणि ‘ठेवा ना, काही हरकत नाही’ म्हणणारं माणूस. पहिल्या दोन गोष्टी नकाशावर थोड्याफार दिसतात, तिसरी दिसत नाही आणि तिच्यावरच सगळं अवलंबून असतं.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी उभी करायला वीज, पाणी, शौचालयाची सोय असलेली आवारं व्हावीत असं त्यात आहे. पण विदर्भाच्या आडगावात अशी आयती जागा मिळेल हे गृहीत धरून निघू नये. आमचे थांबे म्हणजे पर्यटन महामंडळाच्या निवासाचं आवार, रात्रभर चालणारा पेट्रोलपंप, ढाबा, देवस्थानाचं अंगण, सुट्ट्या असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान. गावात शिरलं की पोलीस पाटलांचं घर विचारावं. रात्री अनोळखी गाडी दिसली की गावकरी त्यांच्याकडेच जाणार असतात, मग आपण आधी गेलेलं बरं. भंडाऱ्याकडे ‘कुठचे जी तुमी?’ एवढ्यावर ओळख सुरू होते. ‘नागपूरचे’ म्हटलं की त्यांचा भाचा नागपुरात कुठल्या कॉलेजात आहे, तिथून त्याच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. तेवढा वेळ हातात असावा म्हणून उजेडी पोचायचं, आणि उजेडी पोचायचं म्हणून दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या वर आखायचं नाही.

२. समृद्धीने जायचं असेल तर घरचीच कार न्या

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, ठरावीक ठिकाणीच उतरता येतं आणि गावं नुसती लांबून दिसतात. वेगासाठी तो उत्तम. पण वेग हवा असेल तर व्हॅनचं भाडं भरायचं कशाला? आम्ही पश्चिमेला निघालो की जुन्या रस्त्याने वर्धा, पुलगाव, धामणगाव असं जातो. वाटेत धाम नदीकाठी पवनारचा विनोबांचा आश्रम आणि तिथून जवळच सेवाग्राम, जिथे गांधीजी १९३६मध्ये राहायला आले. ही दोन ठिकाणं लोक तासाभरात उरकतात. दोन्हीकडची सकाळ आणि संध्याकाळ वेगळी आहे, म्हणून मुक्काम वर्ध्यात टाकावा.

३. माती बघून चाक खाली उतरवा

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची काळी कपाशीची माती कोरडी असते तेव्हा भेगाळलेली आणि टणक. तिच्यावर एक सर पडली की तीन-साडेतीन टनांची गाडी जागची हलत नाही. विदर्भात हिवाळ्यातही अवकाळी येतो, गारांसकट येतो, त्यामुळे ‘डिसेंबर आहे, काय होतंय’ असं म्हणायची सोय नाही. मुरूम टाकलेली जागा शोधावी. ती नसेल तर निदान मागची चाकं डांबराच्या कडेवर राहतील अशी गाडी लावावी. शेताच्या धुऱ्यावर सावली कितीही चांगली असो, गाडी नेऊ नये. पूर्वेला धानाच्या बांध्या असतात, तिथली जमीन कापणीनंतरही बरेच दिवस आतून ओली राहते. ट्रॅक्टर बोलवावा लागलाच तर पैसे आधी ठरवावेत, दोर बांधल्यावर नव्हे.

४. पाणी दोन प्रकारचं समजा

टाकीतलं पाणी भांडी, हात-पाय आणि शौचालयासाठी. पिण्याचं वेगळं. आता लहानशा गावातही आरओचा वीस लिटरचा जार मिळतो, तो घ्यावा.

टाकी कुठे भरायची हेसुद्धा आधी ठरवावं लागतं, हे नागपूरच्या माणसाला पटकन सुचत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणीच खारं. दर्यापूरच्या बाजूच्या विहिरीचं पाणी चूळ भरायला घेतलं तरी समजतं. ते टाकीत भरलं की नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही. त्या भागातून चिखलदऱ्याकडे जायचं असेल तर टाकी आधी अर्धीच ठेवून परतवाड्याला पूर्ण भरावी, म्हणजे घाट चढायच्या आधीचा शेवटचा मोठा बाजारही तिथेच होतो.

पूर्वेला उलटी गोष्ट. भंडारा-गोंदियात जागोजाग तलाव, मालगुजारांच्या काळातले, सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. कोहळी समाजाने यांतले कित्येक बांधले. पाणी समोर पसरलेलं दिसतं म्हणून भांडी घेऊन काठावर बसायचा मोह होतो. बसू नये. ते शेतीचं, मासेमारीचं आणि गुरांचं पाणी आहे. साबणाचं पाणी बादलीत धरून लांब, कोरड्या जमिनीवर ओतावं.

५. थंडीला कमी लेखू नका

नवतप्यात पत्र्याच्या गाडीत झोपायचा विचार कोणी करणार नाही. ४५ अंशांत छपरावरचा एसीही हात टेकतो, शिवाय त्याला बाहेरून वीज लागते. म्हणून आपण नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी धरतो आणि थंडी म्हणजे गंमत समजतो. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. मेळघाटात, तलावाकाठी, पत्र्याच्या आत ती थंडी वेगळीच. रात्री सगळ्या खिडक्या बंद केल्या तर पहाटे काचेवरून पाणी ओघळून गाद्या ओल्या होतात, म्हणून एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊ नका, गॅसही रात्रभर पेटता ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेलं माणूस उठत नाही.

६. झाडीपट्टीचं नाटक असेल त्या गावाला मुक्काम धरा

व्हॅन भाड्याने घेण्याचं एकच कारण सांगा म्हटलं तर मी हे सांगेन. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा मंडई किंवा शंकरपट, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे दोन तासांचा प्रयोग नव्हे. रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठिकाण वडसा, म्हणजे देसाईगंज. मोसमात तिथे गेलात तर कोणत्या गावात कोणत्या रात्री कोणतं नाटक, याची पोस्टरं भिंतींवर मिळतात. पुढच्या तीन-चार दिवसांची आखणी त्या भिंतीसमोर उभं राहूनच करावी. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते वाचकांना समजावून सांगितलं. नागपूरच्याही पुष्कळांना तेव्हाच कळलं, हे कबूल करायला हवं.

शहरातला प्रेक्षक एरवी तिथे पोचत नाही त्याचं कारण साधं आहे. रात्री परतायला एसटी नाही, गावात लॉज नाही, आणि ओळखीच्या घरी आधीच लेकी-जावई आलेले असतात. व्हॅन असली की हा प्रश्न मिटतो. पण थोडी तयारी लागते. दुपारी चारपर्यंत गावात पोचावं आणि गाडी मैदानापासून लांब, तोंड रस्त्याकडे करून लावावी. नाहीतर सभोवती ट्रॅक्टर आणि मोटारसायकली लागतात आणि सकाळी नऊपर्यंत तुम्ही अडकता. दुपारी झोप काढून घ्यावी. मोसमात थंडी असते, घोंगडी किंवा जाड शाल हवीच. खुर्चीचं तिकीट महाग, खालचं स्वस्त. खाली बसावं, शेजारच्या बाया नाटकाची आगाऊ माहिती देतात आणि मधूनच मुरमुऱ्यांचा पुडा पुढे करतात. नाटक दर वेळी चांगलंच निघेल याची हमी नाही. कधीकधी दुसरा अंक इतका ताणतात की जाऊबाई गाडीत जाऊन झोपतात. गाडी आहे म्हणून जाता येतं!

७. जंगलाजवळ झोपा, जंगलात नाही

नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूला वाघ अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाहीत. शेतात, रस्त्याकडेला, गावाच्या वेशीपाशी येतात आणि तिथल्या लोकांनी त्याची किंमत मोजली आहे. अशा रस्त्याच्या कडेला ‘निसर्गात’ गाडी लावून झोपणं हा वेडेपणा आहे, आणि सकाळी वनरक्षकाने चार शब्द सुनावले तर ऐकून घ्यावेत. मुक्काम गावाच्या मध्यात, दिव्याखाली. अंधार पडल्यावर जंगलरस्त्याने गाडी चालवू नये. सफारीला आपली गाडी आत नेता येत नाही, तेव्हा व्हॅन दिवसभर कुठे राहील ते आधी विचारावं. ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे तर लिहूनच ठेवा.

अंधार हवाच असेल तर पेंच. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले पथदिवे त्यासाठी खाली वळवले आहेत. सिल्लारीच्या बाजूला मुक्काम असेल तर गाडीचे पडदे ओढून घ्यावेत, आतला पांढरा दिवा बंद करावा. गावाने केलं ते पाहुण्यानेही करावं.

८. गाडीची उंची पाठ करा

एसीसकट आमची गाडी तीन मीटरच्या आसपास भरते. रेल्वेखालचा भुयारी रस्ता, गावाच्या वेशीवरची कमान, चिंचेची फांदी, मंडपाच्या दोऱ्या, दोन घरांमधली केबल. आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावा आणि शंका आली की एकाने उतरून बघावं.

९. शौचालय आहे म्हणून वापरायचंच असं नाही

गाडीतलं शौचालय रात्रीसाठी आणि अडीनडीसाठी. बाईमाणसाला ते आहे एवढ्यानेच अर्धी चिंता कमी होते, यात शंका नाही. पण त्याची पेटी कुठेतरी रिकामी करावीच लागते, आणि ती नाल्यात किंवा शेतात करायची नसते. पेट्रोलपंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि चाकात हवा फुकट मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे. डिझेल भरताना पंपवाल्या भाऊंना विचारून, त्यांच्या शौचालयात पेटी ओतून, वर दोन बादल्या पाणी टाकून ते स्वच्छ करून द्यावं. हे काम पुरुषांकडे द्यायचं, असा आमच्याकडे निघण्यापूर्वीच ठराव होतो.

१०. स्वयंपाक थोडा, विकत जास्त

गाडीत चहा, खिचडी, सकाळचे पोहे एवढंच. पाच किलोचा लहान सिलिंडर पुरतो. रोडगे करायचा बेत असेल तर कुणाच्या तरी शेतात, परवानगीने, गोवऱ्या विकत घेऊन आणि विस्तव पाण्याने पूर्ण विझवून. फेब्रुवारीनंतर जंगलाच्या आसपास तेही नको. बाकी आठवडी बाजार धरावेत. नागपुरात इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही आता मोहल्ल्यांची नावं झाली, पण गावांत बाजाराचा वार अजून जिवंत आहे. त्या दिवशी वांगी, पोपटीच्या शेंगा, गावरान सांबार सगळं ताजं मिळतं. फक्त गाडी बाजारात नेऊ नका.

११. स्वतःची गाडी लगेच बांधायला घेऊ नका

जुनी व्हॅन घेऊन आत पलंग आणि सिंक बसवू, असं प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीच्या तपशिलात बसणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला विचारा. तोवर भाड्याची बरी.

१२. जागेचे पैसे कसे द्यायचे

हे अवघड आहे, कारण बहुतेक लोक घेत नाहीत. घरमालकाच्या हातात नोट कोंबली तर ते ओशाळतात. आम्ही किराणा त्याच गावच्या दुकानातून घेतो, अंडी-दूध शेजारून घेतो, मंदिर असेल तर पावती फाडतो. वीज घेतली असेल तर मात्र हिशेबाने द्यायची. एसी रात्रभर चालला तर युनिटं भराभर पडतात आणि त्यांचं बिल नंतर येतं, तेव्हा आपण नागपुरात असतो. म्हणून वायर लावण्याआधी मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघावा, सकाळी पुन्हा बघावा आणि जो दर ते सांगतील त्याने पैसे चुकते करून मगच गाडी सुरू करावी.