विहिरीवरची झिणझिणी

"आबा, पाइपाला हात लावला की झिणझिण्या येतात."

"असू दे रे, ओल असेल!"

नातेपुत्याच्या शिवारात कुणी असे म्हणत असेल, तर त्याला थांबवा. ही नुसती ओल नव्हे. मोटारीच्या वायरचे वेष्टन फाटले, की वीज लोखंडात उतरते. जमीन ओली, पाय अनवाणी. मग वीज अंगातून जमिनीत जाते. माणूस दगावतो.

म्हणून मोटारीला अर्थिंग हवेच. वीज त्या तारेने जमिनीत जाते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात. उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. माती सुकली, की अर्थिंग काम देत नाही.

झिणझिणी आली, तर पाइप सोडा. कोरड्या फळीवर उभे राहा. कोरड्या लाकडाने मेन स्विच पाडा. मग वायरमनला बोलवा.

पाणी उद्याही देता येईल. गेलेला जीव परत येत नाही.