शपथ आणि पासपोर्ट यांच्यामधले दिवस

कात्री हाताशी ठेवा, असं सूचनांमध्येच लिहिलं होतं. फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट. कोविडमुळे कॅनडात नागरिकत्वाची शपथ तेव्हा घरी बसून, झूमवर घ्यावी लागे. मिसिसागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. शेजारी भारतीय पासपोर्ट, कायम रहिवासाचं पीआर कार्ड आणि दुधाच्या पिशव्या कापायची स्वयंपाकघरातली कात्री. शपथेआधी अधिकारी एकेकाला बाजूला घेऊन ओळख तपासतात. माझी तपासणी झाली आणि बाई म्हणाल्या, "आता कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून कापा." प्लास्टिक जाड होतं, कात्री पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा ती माझ्या फोटोच्या मधून गेली. दोन्ही तुकडे वर धरून दाखवले.

मग उजवा हात वर करून इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये शपथ घेतली, राष्ट्रगीत म्हटलं, सही केलेला फॉर्म स्कॅन करून पाठवला. संध्याकाळी शिरा केला आणि सांगलीला वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडत होतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे आता तू तिकडची झालीस?" मी म्हटलं, "हो, कागदोपत्री."

खरं तर त्या दिवशी माझ्याकडे कागदच नव्हता. प्रमाणपत्र दोन ते चार आठवड्यांत टपालाने येईल, असं सांगितलं होतं. ते मूळ प्रमाणपत्र जोडल्याशिवाय कॅनडाच्या पासपोर्टचा अर्ज घेत नाहीत. पीआर कार्डाचे तर मी दोन तुकडे केले होते. उरला भारतीय पासपोर्ट. त्याची मुदत अजून सहा वर्षं होती, पण तोही त्याच दिवशी माझा राहिला नव्हता. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या, म्हणजे १९५५ च्या कायद्याच्या, कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी कुणी पत्र पाठवत नाही, कुणी पासपोर्ट मागायला येत नाही. प्रमाणपत्र घरी कधी पोचतं याच्याशीही त्याचा संबंध नसतो. शपथेची तारीख हीच ती तारीख. आपल्यातली बरीच माणसं इथे चुकतात. कागद हातात पडेपर्यंत आपण भारतीयच आहोत असं धरून चालतात आणि जुन्या पासपोर्टवर तिकीट काढतात. तो गुन्हा ठरतो. शिवाय जाता आलं, तरी परतताना विमान कंपनी पीआर कार्ड किंवा कॅनडाचा पासपोर्ट मागते, आणि तेव्हा दाखवायला हातात काहीच नसतं.

चार आठवडे गेले. ऑनलाइन खात्यात 'प्रमाणपत्र पाठवलं' असं दिसत होतं. पाकिटाला ट्रॅकिंग क्रमांक नव्हता. ऑफिसचं काम घरून चालू होतं, त्यामुळे रोज दुपारी लिफ्टने खाली जायचं, लॉबीतली टपालपेटी उघडायची, जाहिरातींचे कागद बाजूला करायचे आणि वर यायचं, असा नेम झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाडवा तोंडावर आलेला असताना, दादाचा फोन आला. अण्णांना पहाटे अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. दादा म्हणाला, "तू ये असं मी म्हणत नाही. पण यायचं असेल तर लवकर ये."

दादाला कसं सांगायचं, की मला येताच येत नाही? नोकरी अडवत नव्हती, पैसे अडवत नव्हते. तिकिटाचे पैसे बाजूला काढलेले होते. मी दोन देशांच्या मधे उभी होते आणि कुठल्याच देशाचा चालणारा पासपोर्ट माझ्याकडे नव्हता. एका नातेवाइकांनी काळजीपोटीच सुचवलं, "जुन्या पासपोर्टवर जाऊन ये, कुणाला कळतंय?" एक रात्र मी त्यावर विचार केला, हे लपवत नाही. कपाटातून तो पासपोर्ट काढून उशाशी ठेवला होता. सकाळी पुन्हा कपाटात ठेवला.

त्या दिवसांत अण्णांशी व्हिडिओवर बोलत होते. वहिनी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. ते बघायचे, ओठ हलवायचे, शब्द यायचा नाही. मग डाव्या हाताने पांघरूण ओढत राहायचे.

चौकशीचे अर्ज केले, फोन केले. उत्तर एकच: नोंदीतल्या पत्त्यावर पाकीट गेलं आहे. पत्ता मी दहादा वाचला. रस्ता बरोबर, इमारत बरोबर, पिनकोड बरोबर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी खाली गेले तेव्हा पोस्टमन टपाल लावत होता. लावताना तो पेट्यांची सगळी चौकट एकदम उघडतो, त्यामुळे आतून सगळे खण दिसतात. आमच्या खणापासून तीन वीत अंतरावर १४०६ चा खण जाहिरातींनी ठासून भरला होता. १४०६ हा आमचा जुना फ्लॅट. जानेवारीत आम्ही त्याच इमारतीत दोन मजले वर, मोठ्या फ्लॅटमध्ये गेलो होतो. इमारत तीच, म्हणून पत्ता बदलला असं माझ्या मनातच आलं नव्हतं. बँकेला कळवलं, विजेच्या कंपनीला कळवलं आणि नेमकं इथे राहिलं. जुना फ्लॅट दुरुस्तीसाठी रिकामा होता, त्यामुळे ती पेटी कुणी उघडत नव्हतं. इमारतीच्या सुपरकडे तिची किल्ली होती. माझं लायसन्स बघून त्याने ती उघडली. पिझ्झाच्या कागदांखाली एक पांढरं, मोठं पाकीट, वाकून बसलेलं. आतल्या पत्रावरची तारीख बघितली आणि हिशोब केला. पाच आठवडे ते तिथेच पडून होतं. रोज दुपारी मी त्याच्या शेजारची पेटी उघडून वर जात होते.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वसंतात कॅनडाभर पासपोर्टसाठी लांबच लांब रांगा होत्या, दोन वर्षं थांबलेले प्रवास एकदम सुरू झाले होते. पासपोर्ट मे महिन्यात मिळाला. मग भारतीय पासपोर्ट परत करून त्याचा दाखला घ्यायचा आणि त्यानंतर व्हिसा. कॅनडाच्या नागरिकांना तेव्हा भारताचा ई-व्हिसा बंद होता. सांगलीला पोचले तेव्हा मृग लागला होता. अण्णा खुर्चीत बसते झाले होते. मी समोर बसले तेव्हा डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि जेवणाची वेळ झाली तरी सोडलं नाही. लहानपणापासून ते मला 'माई' म्हणत. आता त्यांच्या तोंडून फक्त 'मा' निघतो.

म्हणून सांगते. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत आणि इकडे शपथेची तारीख जवळ येते आहे, त्यांनी आधी एकदा घरी जाऊन यावं. अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात भरावे लागतात, म्हणून माणसं एकेक दिवस जपतात, घरची लग्नकार्यं टाळतात. पण ती मोजणी अर्जाच्या तारखेपाशी संपते. अर्ज ते शपथ या काळात पीआर कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही चालतात, परीक्षेची किंवा शपथेची तारीख चुकणार नाही एवढं बघितलं की जाता येतं. शपथ मात्र कॅनडातच असताना घ्यावी लागते. घरी कुणी गंभीर आजारी असेल, तर कारण कळवून शपथेची तारीख पुढे मागता येते. मी मागितली नसती, हेही खरं. वर्षानुवर्षं वाट बघितलेली तारीख हातची जाऊ द्यायला मन होत नाही. तरी मागा.

पत्त्याचं माझं चुकलं ते तुमचं चुकू नये. फ्लॅटचा नंबर, तळघरातलं भाड्याचं घर असेल तर तो उल्लेख, सगळं नोंदीत आहे का ते शपथेच्या आधी स्वतः डोळ्यांनी बघा. २०२३ पासून कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र घेण्याची सोय झाली आहे. ती मिळत असेल तर घ्याच. टपालाचा प्रश्नच राहत नाही.

प्रमाणपत्र आल्यावर आनंदाने फोटो काढण्याआधी त्यावरचं नाव एकेक अक्षर वाचा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी रीत. भारतीय पासपोर्टात मधलं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, लग्नानंतर कुणी बदललेलं असतं, कुणी नाही. दोन्हींकडचं नाव जुळलं नाही, तर भारतीय पासपोर्ट परत करताना आणि ओसीआयचा अर्ज करताना प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. माझ्या एका मैत्रिणीचा तेवढ्यावर दीड महिना गेला. पासपोर्टसाठी मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, म्हणून आधी त्याची चांगली रंगीत प्रत काढून ठेवा. फोटो, अर्ज आणि हमीदार आधीच तयार ठेवा. हमीदाराकडे कॅनडाचा पासपोर्ट हवा आणि तो तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारा हवा. असा माणूस ऐन वेळी शोधायला गेलं की आठवडा जातो. प्रवासाचा पुरावा दाखवून जास्त फी भरली, तर तातडीचा पासपोर्ट काही दिवसांत मिळू शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या नवऱ्याची शपथ पुढच्या वर्षी होती. त्याआधी तो साताऱ्याला जाऊन आईजवळ महिनाभर राहून आला. आल्या आल्या त्याने खात्यातला पत्ता उघडला आणि मला हाक मारली. मी चष्मा लावला आणि फ्लॅटचा नंबर मोठ्याने वाचला. सोळाशे चार.